पाटीखालचं पीठ

"वरचा पोऱ्या एकटा नव्हता गो. दोघं होती ती त्या खोलीत. रोज रातीला बोलनं चालायचं. आनि गेला त्या रातीलाही तो दुसरा तिथंच होता. तो दुसरा म्हंजे..."

एवढंच. पुढचं घरमालकीण गोजराबाईच्या तोंडातच राहिलं. कारण जिन्याच्या पहिल्या पायरीशी बाबासो येऊन उभे राहिले होते. एका काखेत परात, दुसऱ्या काखेत वेताची पाटी, आणि हातात फडक्यात बांधलेलं ज्वारीचं पीठ.

सरका जरा जवळ, आणि ते मोबाईल उपडे ठेवा. तुम्ही पोरं रात्र-रात्र ज्या खेळात लढाया मारता, त्यात एक डोंगर वाहणारा राक्षस आहे ना? डोक्याला फडकं गुंडाळलेला, कायम पाठमोरा? तो ज्यानं काढला त्याची ही गोष्ट. तुम्हाला वाटत असेल अमेरिकेत बसून कुणीतरी काढला असेल. इथं काढला, सारसोळ्यात, गोजराबाईच्या माडीवर. आणि ही वाऱ्यावरची गोष्ट नाही. बाबासो म्हणजे आमचे भिंतीला भिंत शेजारी. कोपरखैरण्यातल्या आमच्या घरांची भिंत चार इंची. तिकडं फोडणी पडली की इकडं शिंक येते. म्हणून यातलं निम्मं बाबासोंनी सांगितलेलं आहे, आणि निम्मं त्यांनी न सांगता कळलेलं. माणसानं कान काय कापून ठेवायचे?

रात्र पक्की लक्षात आहे. मागच्या वर्षी जानेवारीतला शेवटचा मंगळवार. दुसऱ्या दिवशी पौषातली अवस. संध्याकाळी साताच्या सुमाराला बाबासो घरातून निघाले ते मी ओट्यावरून बघितलं. कुणाला "येतो" म्हणाले नाहीत. अशा कामाला निघताना म्हणत नाहीत.

काम काय होतं ते सांगतो.

बाबासो पाटण तालुक्यातले. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात उभी हयात पाठीवर गोणी वाहिली. पोरगा एकुलता एक, कुलदीप. लहानपणापासून मुका-मुकाच. आमच्या गल्लीत क्रिकेट चालायचं आणि हा दारात बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं राक्षस काढायचा. पंख असलेले घोडे, तीन डोक्यांचे साप, किल्ले असले की ज्यांना जमीनच नाही. मी एकदा विचारलं, अरे हे कुठं बघितलंस? तर म्हणाला, "बघितलं असतं तर काढलं कशाला असतं, काका?" असलं उत्तर. मोठा झाला, कॉम्प्युटरवर काढायला शिकला, आणि बंगळूरच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीचं काम घरी बसून करायला लागला. रात्रभर काम, दिवसा झोप. बाबासोंना ते काम वाटेचना. त्यांच्या मनात, आपण थकलो की आपला मार्केटातला हमालीचा बिल्ला पोराच्या गळ्यात घालावा. टोळीत नाव लागेल, हक्काची भाकरी मिळेल. त्यावरून रोज खटके. आणि एका रात्री... ते पुढं सांगतो. एवढंच सांगतो की त्या रात्री कुलदीप घर सोडून गेला आणि सारसोळ्यात गोजराबाईची माडी भाड्यानं घेऊन राहिला. त्याला सहा वर्षं झाली होती.

सहा वर्षांत तो खाली गल्लीतही फारसा दिसला नाही म्हणतात. वाणी दारात सामान ठेवायचा. आई, शकुबाई, महिन्या-दोन महिन्यांनी डबा घेऊन जायची. तिलाही तो जिन्याच्या मधल्या पायरीवर भेटायचा. डबा घ्यायचा, पाया पडायचा, वर जायचा. "वर पसारा आहे आई," म्हणायचा. आणि बाबासो? बाबासोंना डबा भरलेला दिसायचा, ते पेपर तोंडासमोर धरायचे. एकदाही गेले नाहीत. पोरानं यावं म्हणून हे थांबले, आणि पोरगा... तो कशासाठी थांबला होता कुणास ठाऊक.

त्या जानेवारीत, शनिवारी रात्री तो काम करता-करता खुर्चीतच गेला. वय एकतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. रविवारी दुपारी गोजराबाईनं दार उघडवलं तेव्हा कळलं. बॉडी पालिकेच्या हॉस्पिटलातून आमच्या कोपरखैरण्यातल्या घरी आली, तिथूनच पुढं नेली. आणि इथंच चूक झाली.

तुमच्यापैकी गावाकडच्यांना माहीत असेल. माणूस जातो त्या जागी रात्री परातीत पीठ पसरायचं, वस्त्रगाळ, हातानं सारखं केलेलं. शेजारी दिवा. वर पाटी झाकायची. सकाळी पाटी उचलून बघायचं. पिठावर पाऊल उमटलेलं असतं. पाखराचं असेल, गाईचं असेल, माणसाचं असेल. जीव कुठल्या जन्माला गेला ते घरच्यांना कळतं आणि मन शांत होतं. रविवारी रात्री शकुबाईनं ते केलं. आपल्या घरात, जिथं पोराला आणून निजवलं होतं तिथं. सोमवारी सकाळी पाटी उचलली. पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरली नव्हती.

शकुबाईनं जो हंबरडा फोडला तो मी भिंतीपलीकडून ऐकला. "माजं लेकरू घरी आलंच न्हाई," म्हणत होती.

गावाकडून तिची मावशी भिमाबाई आली होती. ऐंशीच्या पुढची बाई. ती म्हणाली, येडी का गं तू, जीव जिथं गेला तिथं पीठ ठेवायचं असतंय. ह्या घरातनं त्यो कवाच गेलाय. इथं कुनाची पावलं शोधतीस?

म्हणून मंगळवारी, राख सावडून झाल्यावर, बाबासो परात-पाटी घेऊन सारसोळ्याला निघाले. पोराच्या खोलीत पहिल्यांदाच.

आता तुम्ही म्हणाल, जिन्याखाली असलं काही कानावर आल्यावर माणूस घाबरेल. बाबासोंना उलट धीर आला. त्यांना तीन दिवस एकच गोष्ट खात होती. आपल्यात म्हणतात ना, मरणाऱ्याच्या तोंडात कुणीतरी पाणी घालावं, तेवढं तरी नशिबात असावं. पोरगा गेला तेव्हा ते पाणी घालायला कुणी होतं का? की चार भिंतींत घशाला कोरड पडून, एकटाच? हे त्यांना कळायला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

म्हणून त्यांनी पायरीवरूनच विचारलं, "कोन हुतं म्हनला, बाई?"

गोजराबाई कोळीण, साठीची, चार माणसांना भारी. पण तिनं परातीकडं बघितलं नाही, पाटीकडं बघितलं नाही. बाबासोंच्या तोंडाकडं बघत राहिली. तिची सून सुचिता शेजारी उभी होती, तिनं सासूचा दंड धरला.

"काय नाय," गोजराबाई म्हणाली. "बायकांचा बोलना. ही घ्या किल्ली. बाबा, पीठ ठेवा आनि खाली या, आमचे ओटीवर झोपा. वर नका झोपू."

बाबासो म्हणाले, घरचं माणूस जवळ लागतंय. तिनं जेवायला विचारलं, त्यांनी नको म्हटलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, पण गिळवत नव्हतं.

वर दोन खोल्या. जिन्यातून शिरलं की स्वैपाकाचा ओटा, मोरी, आणि आत दार लोटलं की त्याची कामाची खोली. आत खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. बाहेर खाडी, पामबीच रस्त्याचे दिवे, पण आत दिवस-रात्र सारखीच. टेबल, मोठा स्क्रीन, पेनानं चित्र काढायची काळी पाटी, आणि ती खुर्ची.

आणि भिंतीवर तो राक्षस. एक नाही, सात-आठ कागद. डोंगर वाहतोय, पूल वाहतोय, एका कागदावर सगळं शहर पाठीवर घेऊन चाललाय. सगळीकडं पाठमोरा. तोंड एकाही चित्रात नाही. बाबासो जवळ गेले. राक्षसाच्या डोक्याचं फडकं मार्केटातले हमाल बांधतात तसं बांधलं होतं, एक टोक मानेवर सोडून. कमरेला गोणीत घालायचा आकडा. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली.

पोरगा लहान असताना बाबासो पहाटे कामाला निघायचे तेव्हा तो झोपेतून अर्धवट जागा होऊन बघायचा. त्याला त्या वयात बाप दिसला तो असाच. जाताना.

बराच वेळ ते त्या भिंतीसमोर उभे राहिले.

मग कामाला लागले. खुर्ची मागं सरकवली. ती होती तिथं परात ठेवली, पीठ पसरलं, हातानं सारखं केलं. दिवा लावला. पाटी झाकली. भिमाबाईनं बजावलं होतं, झाकल्यावर सकाळपर्यंत बघायचं नाही आणि त्या खोलीत थांबायचं नाही. त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर ओट्याखाली सतरंजी टाकली.

नऊ वाजता फोन वाजला. बाबासोंचा नाही, कुलदीपचा. हॉस्पिटलनं दिलेला, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. कंपनीतली पोरगी, प्रिया नावाची. नाशिककडची, मराठी बोलणारी. तिला त्याच दिवशी कळलं होतं. रडत-रडत सांगत होती की सात वर्षं बरोबर काम केलं पण चेहरा कधी बघितला नाही, तो कॅमेरा लावायचाच नाही. जगभरातली पोरं त्याच्या राक्षसाचे टी-शर्ट घालतात, पत्रं येतात, विचारतात याचं तोंड कधी दाखवणार. कुलदीप म्हणायचा, दिसलं की काढीन.

बाबासो नुसतं हं-हं करत होते. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही आता एकटे कसे राहणार तिथे?"

"मी कुटं ऱ्हातुय हितं?" बाबासो म्हणाले. "मी आजच आलुय. पयल्यांदा."

"पण काका... मी हा आवाज ओळखते. मागून तुमचाच आवाज यायचा. आमचा कॉल नऊला असायचा. रोज तुम्ही मध्येच विचारायचात. तो हसायचा, म्हणायचा, एक मिनिट, बाबा विचारतायत."

"काय इचारायचो?"

"जेवलास का."

फोन कसा ठेवला ते बाबासोंना आठवत नाही.

आता ती रात्र सांगतो, घर सोडलं ती. ती आमच्या भिंतीनं ऐकली आहे. पोरगा जेवायला बसला होता. बिल्ल्याचा विषय निघाला, तो नको म्हणाला. बाबासोंचा तोल गेला. भुतं काढून पोट भरतंय का बघतोच, म्हणाले, आणि समोरचं ताट ओढून घेतलं. भरल्या ताटावरून उठवलं. आपल्यात दुष्मनालाही उठवत नाहीत. कुलदीपनं हात धुतला आणि गेला.

म्हणजे बापानं सहा वर्षं जे विचारलं नाही, ते पोरानं विचारून घेतलं होतं. कुणाकडून तरी. पोरगा जे बघितलेलं नाही तेच काढायचा, हे मी सुरुवातीला बोललो ना. पण कागदावर काढणं वेगळं. हे तर बोलत होतं. दुसऱ्यांना ऐकू जात होतं.

बाबासो पडून राहिले. बाहेरच्या खोलीतला दिवा मालवला होता. आतल्या दाराखाली पिवळ्या उजेडाची एक पट्टी, तेवढीच.

सव्वा वाजला असेल. खाडीत थंडीत फ्लेमिंगो येतात, त्यांचा गलका चालला होता. तो एकदम थांबला.

आत खुर्ची करकरली.

उंदीर, असं बाबासो मनाशी म्हणाले.

पुन्हा करकरली. माणूस मागं रेलतो ना, तशी.

मग आवाज आला.

"जेवलास का?"

बाबासोंनी पहिल्यांदा स्वतःचं तोंड चाचपलं. ओठ मिटलेले होते. पण आवाज त्यांचाच. तोच खर्ज, तीच मार्केटच्या धुळीनं बसलेली घोगरी कड. फक्त... मऊ. इतका मऊ आवाज त्यांनी जन्मात कुणाशी काढला नव्हता.

ते वाट बघायला लागले. कशाची? तर पोराच्या उत्तराची. आवाज देवाचा असो, भुताचा असो, त्याला उत्तर द्यायला पोरगा तर हवा. एक "हो" यावं. एक "नाही" यावं.

काही आलं नाही.

"जेवलास का?"

आता दाराजवळून.

म्हातारी माणसं सांगतात, रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये. दुसऱ्या हाकेला देऊ नये. वाईट असेल ते तिसऱ्यांदा विचारत नाही. बाबासोंनी सतरंजीचं टोक दातात धरलं. खाली उतरावं तर जिन्याचं दार त्या दारासमोरच.

दाराखालच्या पट्टीकडं बघितलं.

पट्टीच्या मधोमध काळं झालं होतं.

कुणीतरी उभं होतं. पलीकडं. अगदी टेकून.

वेळ गेला... किती, माहीत नाही. काळं हललं नाही. बाबासो हलले नाहीत. त्यांना एवढंच कळलं की सकाळपासून आपणही जेवलेलो नाही. हा प्रश्न पोराला आहे की आपल्याला...

"जेवलास का?"

तिसऱ्यांदा.

बाबासोंनी ओ दिली.

"न्हाय," म्हणाले.

आत काही हललं नाही. मग त्यांनी ते विचारलं, ज्यासाठी आले होते.

"त्यो गेला तवा... तू हुतास का जवळ? पानी... त्याच्या तोंडात..."

बाबासोंनी पुन्हा विचारलं.

"सांग की रं..."

उजेडाची पट्टी हळूहळू मोकळी झाली. अंधारात काहीतरी मागं सरलं.

आणि मग...

थप.

थप... थप.

आतून. सावकाश, एका लयीत. हाताचा तळवा कशावर तरी पडत होता. आई लेकराला थोपटून निजवते ना, तसा. थप... थप... थप...

बाबासो सांगतात की एवढ्या भीतीत त्यांना झोप लागली. कुणीतरी झोपवल्यासारखी. दोन रात्री डोळा लागला नव्हता त्या माणसाला.

जाग आली ती दाराच्या कडीनं. उजाडलं होतं. गोजराबाई आणि सुचिता चहा घेऊन आल्या होत्या. गोजराबाईचे डोळे सुजलेले. रात्रभर ती खाली जागीच होती. ती ओट्याला टेकून बसली आणि अर्धवट राहिलेलं बोलणं तिनं आपण होऊन पुरं केलं.

"बाबा, काल तुमी जिन्यात बोललात नि मी आवाज वळखला. सहा वरसं तो आवाज मी आयकलाय. आमाला वाटायचा, पोऱ्याचा बाप हाय वर. सुचिता म्हनायची, म्हातारा कवा चढतो, कवा उतरतो, दिसत कसा नाय? मी म्हनायची, असल आजारी, पडून असल. कदी जाऊन बघितला नाय आमी."

"गेला त्या राती?" बाबासोंनी विचारलं. "तुमी म्हनला, त्यो तितं हुता."

"होता ना." गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. "पन त्या रातीला पोऱ्याचा आवाज नाय आला. एकच आवाज. जेवलास का, जेवलास का... पार पहाटंपातुर. मना वाटला, बाप इचारतंय नि पोऱ्या रुसलाय. मी कूस बदलून झोपली, बाबा."

खालून रिक्षा गेल्याचा आवाज आला.

म्हणजे जिन्याखाली कानावर पडलं ते निम्मं खरं होतं. दोघं होते. शेवटी दुसरा तिथं होता. पण पोरगा असताना होता, की पोरगा गेल्यावर रिकाम्या खोलीत विचारत राहिला, ते कळायला वाट नाही. पाण्याचं तर नाहीच.

पुढचं बाबासोंनी शकुबाईला आजवर सांगितलेलं नाही. माणसाचं पाऊल उमटलं होतं, असं सांगितलं आणि तिचं मन शांत केलं. माझ्याकडं एकदाच बोलले, तेही भिंतीकडं तोंड करून.

तिघं आतल्या खोलीकडं गेली. दिवा विझला होता, तेल अजून शिल्लक होतं. खुर्ची त्यांनी मागं सरकवली होती, ती परातीशी ओढलेली होती. टेबलावरचं सगळं जागच्या जागी. पाटी झाकलेली. सुचिता दारातच थांबली. बाबासो उकिडवे बसले, दोन्ही हातांनी पाटी उचलली.

पीठ नव्हतं.

परात पुसल्यासारखी स्वच्छ. चिमूटभर पीठसुद्धा कडेला नव्हतं. शेगडी बाहेर ओट्यावर, बाबासोंच्या उशाशी, रात्रभर थंड. तवा खुंटीला.

परातीत भाकरी होती. ज्वारीची, गोल, हातानं थापलेली. पापुद्रा फुगून वर आलेला. गोजराबाईनं बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं. गरम होती.

आणि तिच्या कडेचा एक घास मोडून नेलेला होता.